मेंटलमधला एक टक्का

वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. गावोगाव वीज पोचण्याआधी खान्देशातल्या अशा यात्रा, तमाशाचे फड आणि लग्नाच्या वराती गॅसबत्तीच्या उजेडावर चालत. त्या पांढऱ्याशुभ्र उजेडाचा खरा धनी कोण, हे फार थोड्यांना ठाऊक असे. त्याचं नाव सेरियम.

बत्तीवाला नवं मेंटल बांधायचा ते अगदी जपून. मऊ कापडाची ती इवलीशी पिशवी दोऱ्याने आवळायची, पहिल्यांदा पेटवून जळू द्यायची. कापड जळून जाई आणि मागे राखेची पांढरी जाळी लोंबत राही. तिला धक्का लागला की ती भुगा झालीच! मग पंप मारला की रॉकेलच्या वाफेची निळी, फिकी ज्योत त्या जाळीला तापवी आणि जाळी लखलखे. म्हणजे डोळे दिपवणारा उजेड ज्योतीचा नव्हे, राखेचा. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने 1891 च्या सुमारास या राखेचं प्रमाण बसवलं: 99 भाग थोरियमचं ऑक्साइड, एक भाग सेरियमचं. नुसतं थोरियम तापतं खूप, पण उजळत नाही. सेरियम वाढवलं तर तेच उष्णता उधळून टाकतं, जाळी थंडावते आणि उजेड पुन्हा मंदावतो. एक टक्का सेरियम मात्र नेमकं काम करतं: थोरियमने धरून ठेवलेली धग घेतं आणि डोळ्यांना दिसेल अशा प्रकाशात सोडतं. इतक्या थोड्यात इतकं देणारा दुसरा धातू मला माहीत नाही.

हे दातृत्व त्याच्या अणूतच आहे. अणुक्रमांक 58, केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन 2, 8, 18, 19, 9, 2 असे बसलेले. दुर्मिळ मृदा धातूंचं त्याचं सगळं घराणं सहसा तीन इलेक्ट्रॉन देतं आणि थांबतं. आत 4f कक्षेत असलेल्यांना ते हात लावू देत नाही. सेरियमपाशी तिथे एकच इलेक्ट्रॉन आहे आणि प्रसंगी तो तेवढाही देऊन टाकतो. तीन दिलेले असताना त्याचे क्षार बहुधा रंगहीन असतात, चौथाही दिला की पिवळे-नारिंगी होतात. शिवाय दिलेला इलेक्ट्रॉन तो परतही घेऊ शकतो. या चौथ्या इलेक्ट्रॉनमुळेच तो दाबाखाली विलक्षण वागतो. सामान्य तापमानाला वातावरणाच्या सुमारे आठ हजार पट दाब दिला, तर स्फटिकातली अणूंची मांडणी तीच ठेवून तो एकदम सुमारे 15 टक्क्यांनी आक्रसतो.

दिसायला राखाडी-रुपेरी आणि मऊ, सुरीने कापता येईल असा. उघड्यावर लगेच काळवंडतो, पातीने खरवडला तर ठिणगी टाकतो. सिगारेट लायटरचा खडा त्याच्या आणि लोखंडाच्या मिश्रणाचाच. तो शोधही वेल्सबाखचा, 1903 मधला.

त्याचा जन्म कागदोपत्री 1803 चा. दोनच वर्षं आधी सापडलेल्या सेरेस या लघुग्रहावरून त्याला नाव मिळालं. घराण्याचं नाव दुर्मिळ असलं तरी भूकवचात तो साधारण तांब्याइतकाच आहे. आपल्या काळ्या मातीच्या ढेकळातही त्याचे अंश असतात, फक्त काढून घेण्याइतके गोळा झालेले नसतात. ते गोळा झालेत दक्षिणेच्या किनाऱ्यावर. तिथल्या वाळूतलं मोनाझाइट हे सेरियम असलेलं खनिज 1909 मध्ये ओळखलं गेलं आणि पुढे मेंटलसाठी जर्मनीपर्यंत गेलं. 1952 मध्ये केरळात अलुव्याला इंडियन रेअर अर्थ्सचा कारखाना सुरू झाला.

गॅसबत्ती आता गेली. पण धुळे-जळगाव महामार्गावर धावणाऱ्या पेट्रोल गाड्यांच्या धुराड्याच्या नळीत सेरियम ऑक्साइड आहेच. इंजिनाला हवा कमी पडली की ते आपल्यातला ऑक्सिजन देतं, विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा जास्त झाली की ऑक्सिजन परत साठवून घेतं. गाडी चालू आहे तोवर ही देवघेव क्षणाक्षणाला चालते, त्याच चौथ्या इलेक्ट्रॉनच्या जोरावर.