गाडी ‘मिसिंग’ मारते तेव्हा

मोटारीच्या धंद्यातील काही शब्द आपल्या लोकांनी इतके आत्मसात केले आहेत, की ते परके आहेत याची आठवणही कोणास उरलेली नाही. ‘मिसिंग’ हा त्यांपैकीच एक. नळदुर्ग असो, उमरगा असो वा कळंब असो, रस्त्याकडेच्या गॅरेजपाशी घटकाभर उभे राहावे. ‘गाडी मिसिंग मारते’ हे वाक्य कानी पडल्यावाचून राहत नाही. इंजिनातील एखादे सिलिंडर आपली पाळी चुकवते, आत आलेले पेट्रोल न जळताच बाहेर पडते आणि गाडी थरथरत, गचके खात चालू लागते. एवढा सारा आशय त्या एका शब्दात सामावलेला असतो.

या दुखण्याचा फसवेपणा असा, की त्याने गाडी बंद पडत नाही. चारांपैकी तीन सिलिंडरे काम करीत असतात आणि सपाट रस्त्यावर तेवढ्यावर भागून जाते. मालक म्हणतो, ‘चालते आहे ना, सुगी झाल्यावर पाहू.’ तोवर पेट्रोल अधिक जाते, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या आतील तेलाचा थर धुऊन काढते, आणि लहानसे दुखणे हळूहळू इंजिनाच्या अंतरंगापर्यंत पोहोचते. आमच्या धाराशिव जिल्ह्यात ही केवळ खर्चाची बाब नाही. अवघड दुखण्याच्या रुग्णास अनेकदा सोलापूर गाठावे लागते, आणि परतीच्या वाटेवर तुळजापूरचा घाट चढावा लागतो. ज्या घरात एकच जुनी गाडी आहे, त्या घराचा अर्धा धीर त्या गाडीच्या बॉनेटखाली असतो.

इंजिनाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात मिसळलेले हवा-पेट्रोल, सिलिंडरमध्ये पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. वजनाने मोजले तर एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा लागते. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरची पाळी एकदा येते. गाडी स्लोवर उभी असताना मिनिटाला ८०० फेरे होत असतील, तर एकेका सिलिंडरात मिनिटाला ४०० वेळा ठिणगी पडावी लागते. या तिन्हींपैकी एक जरी उणी पडली, तरी पाळी चुकते. म्हणून ‘मिसिंग’ हे रोगाचे नाव नव्हे, ते लक्षण आहे. ताप आला म्हणजे कशाने आला हे कळत नाही, तसेच हे.

जुन्या गाड्यांत हे कारण शोधणे एका अर्थी सोपे होते. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने जी चार सिलिंडरांची, १०८९ सीसीची मोटार निघाली, ती एका पिढीने पाना हातात धरून शिकलेली मोटार होय. डिस्ट्रिब्युटर, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कार्बोरेटर हे सारे डोळ्यांपुढे मांडलेले असे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे उत्पादनही २०१४ साली थांबले. पण त्या गाड्या आपल्या रस्त्यांवर अद्याप दिसतात. तिचे इंजिन तीन सिलिंडरांचे. एकाने पाळी चुकवली, तर एक-तृतीयांश बळ गेलेच म्हणायचे.

निदानाची पहिली पायरी पाना नव्हे, प्रश्न होय. दुखणे केव्हा होते? गाडी स्लोवर थरथरते आणि वेगात सुरळीत चालते, तर कार्बोरेटरखालच्या गॅस्केटमधून फाजील हवा आत खेचली जात असावी. सपाटीवर ठीक आणि चढावर गचके, तर ठिणगी दुबळी असण्याचा संभव अधिक. कारण भार वाढला की सिलिंडरातील दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडण्यास जास्त व्होल्टेज लागते. एप्रिल-मेच्या उन्हात तासभर चालल्यावरच बिघडते आणि थंड झाल्यावर सुधारते, तर नळीतच पेट्रोलची वाफ होत नाही ना, किंवा तापल्यावर कॉइल साथ सोडत नाही ना, हे पाहावे. आमच्याकडील काळ्या मातीची धूळ एअर फिल्टर तुंबवते, तेव्हा पेट्रोल जास्त व हवा कमी होऊन धूर काळा पडतो. गचके एका ठराविक तालात येत असतील तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा. ताल नसेल तर सर्वांना सामाईक अशा कॉइल, पॉइंट वा कार्बोरेटरकडे वळावे.

आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. त्यांच्या पत्नीस डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा सोलापूरला न्यावे लागे. घरची जुनी पेट्रोल गाडी श्रावणात मिसिंग मारू लागली. नवे प्लग घातले, कार्बोरेटर साफ करून झाला. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. गाडी भंगारात द्यावी आणि भाड्याच्या वाहनाने जावे, असे मनात आले. पण निवृत्तिवेतनात दर आठवड्यास दोन फेऱ्यांचे भाडे बसेना. अखेर ते एका वृद्ध मिस्त्रींकडे गेले. आम्हीही सोबत होतो.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलेच नाही. त्यांनी विचारले, “गुरुजी, सकाळी जास्त होतं की दुपारी?”

“सकाळी. पावसाळी हवा असली की फारच.”

“आणि चढाला?”

“चढाला हमखास.”

“ओल लागली की बिघडते, तर आधी करंट बघू. आज दिवे लागल्यावर गाडी घेऊन या.”

रात्री त्यांनी गॅरेजातील दिवे मालवले, इंजिन सुरू केले आणि बॉनेट वर केले. तिसऱ्या सिलिंडरकडे जाणाऱ्या वायरीवर, जेथे ती एका लोखंडी पट्टीस घासत होती, तेथे निळसर ठिणगी लुकलुकत होती. प्लगपाशी पोहोचण्याआधीच वीज वाटेत गळत होती. वायरीचे आवरण घासून भेगाळले होते. हवेत ओल वाढली की गळती वाढे. नव्या प्लगांना ठिणगी पाडण्यास थोडे कमी व्होल्टेज पुरते, म्हणून दोन दिवस बरे वाटले होते. “दिवसा हे दिसत नाही, गुरुजी,” एवढेच ते म्हणाले. वायरींचा संच बदलला. आधीच्या खर्चाच्या मानाने तो किरकोळ होता. पुढच्या फेरीस गाडी घाट न अडखळता चढली.

ऐकून घेणे हे आमच्या सेवेतील मोठे काम. म्हणूनच त्या मिस्त्रींचे ते दोन प्रश्न आम्हांस मोलाचे वाटले. सुटे भाग बदलत जाणे म्हणजे निदान नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरात घालावा: दोष त्याच्याबरोबर सरकला तर प्लग वाईट, जागीच राहिला तर वायर पाहावी, आणि तीही ठीक असेल तर कॉम्प्रेशन मोजावे. प्लगचा रंगही बोलतो. फिकट तपकिरी म्हणजे ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे रिंगा वा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेले, आणि पांढरा पडलेला म्हणजे पेट्रोल कमी वा उष्णता फाजील. वायरी परत लावताना क्रम मात्र सांभाळावा. चार सिलिंडरांच्या पुष्कळ इंजिनांत तो १-३-४-२ असतो. चालू इंजिनाच्या वायरीस हात लावणे घरच्या माणसाचे काम नव्हे. त्या विजेचे व्होल्टेज हजारोंत असते, आणि पेसमेकर बसवलेल्याने तर दूरच राहावे. कॉम्प्रेशनच गेले असेल, तर मिस्त्रीने तसे स्पष्ट सांगावे आणि मालकाने ते स्वीकारावे. प्रत्येक जुने इंजिन वाचवता येतेच असे नाही.

अलीकडे एक नवे कारण जोडले गेले आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ च्या फेब्रुवारीपासून पंपांवर येऊ लागले आणि आता ते सर्वत्र झाले आहे. ढोकीच्या तेरणा कारखान्याने ज्या जिल्ह्यास ऊस लावावयास शिकवले, तेथील शेतकऱ्यास यात आपले हित दिसणे स्वाभाविक आहे. उसाच्या रसापासून आणि मळीपासूनही इथेनॉल बनते. परंतु इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, म्हणून जुन्या कार्बोरेटरात मिश्रण विरळ पडते. ते पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व गॅस्केटे यांस मानवत नाही. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीने अचानक मिसिंग मारले, तर टाकीतील पेट्रोल आणि नळ्या आधी तपासाव्यात.

नव्या गाड्यांत संगणक आहे. स्कॅनर लावला की ‘पी ०३०३’ असा संकेत उमटतो, म्हणजे तिसरे सिलिंडर पाळी चुकवते आहे. पण का चुकवते, हे तो संकेत सांगत नाही. तेथेही कॉइल वा प्लग शेजारच्या सिलिंडरात घालूनच सत्य काढावे लागते. यंत्राने ठिकाण दाखविले तरी कारण माणसानेच शोधावयाचे असते. अशा गाडीत ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकू लागला, तर मात्र तशीच पुढे दामटू नये, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून त्याची राख करते, आणि तो भाग फार महाग असतो.

वाचकहो, ज्यांच्या दारी जुनी गाडी आहे त्यांनी डॅशबोर्डच्या खणात एक लहान वही ठेवावी. गाडी केव्हा अडखळली, सकाळ होती की दुपार, पाऊस होता की ऊन, चढ होता की सपाटी, पेट्रोल कधी भरले, एवढेच तीत लिहावे. चांगल्या मिस्त्रीस ती वही दाखविली, की त्याचे अर्धे काम झालेले असते.