मेडशीत वाजलेला ऑर्गन

अकोल्याहून निघालो तेव्हापासून माझं लक्ष गाडीच्या मागच्या भागाकडेच होतं. तिथे गाद्यांमध्ये गुंडाळलेला, शंभरी ओलांडलेला अमेरिकन बांधणीचा ऑर्गन होता. पातूरचा घाट संपवून मेडशीला पोचलो, मंदिराच्या सभामंडपात तो उतरवला आणि सूर लावून पाहिला, तर मधल्या सप्तकातला तीव्र मध्यम मुका. त्या संध्याकाळी ‘स्वयंवर’मधलं रुक्मिणीचं यमनातलं पद वाजवायचं होतं, आणि यमन तीव्र मध्यमाशिवाय कसा होणार?

मागची फळी काढली. या ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराची पितळी पट्टी आपापल्या खाचेत सरकवून बसवलेली असते. आकड्याने ती ओढून काढली, तेव्हा जिभेखाली धुळीचा एक कण अडकलेला दिसला. फुंकर मारली, ब्रश फिरवला. मध्यम बोलला.

हा सगळा खटाटोप कशासाठी, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणायचा होता, असं बरोबरचा गायक घाटातच म्हणाला होता. त्यात ऑर्गनचा आवाज असतोच. पण मला आवाजापेक्षा अडचण हवी असते. हातपेटीत एक हात भात्याला बांधलेला असतो. ऑर्गनचा भाता पायांवर असल्याने दोन्ही हात सुटतात. पाय भात्यातली हवा बाहेर काढतात आणि बाहेरची हवा सुरांमधून आत ओढली जाते, म्हणून सूर मऊ, सावकाश उमलतो. खर्जाच्या लांब पट्ट्या तर उशिराच बोलतात. सम अचूक यायची असेल, तर बोट समेच्या आधी पडायला हवं. गुडघ्याने दांडी बाजूला ढकलली की झडप उघडून आवाज मोठा होतो. युरोपात मोझार्टची रचना त्याच्या काळच्या वाल्टर पियानोवर वाजवणारेही अशाच अडचणींच्या मागे असतात. त्या पियानोलाही गुडघ्याची दांडी असते, फक्त तिचं काम वेगळं: ती तारा मोकळ्या सोडते.

गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्यामागे हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवाँसाहेबांचा तबला असे. ‘स्वयंवर’ १९१६ सालचं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ती गायकी जवळून समजून घ्यायची, तर तिला मिळालेला सूर हाताखाली असावा, असं मला मनापासून वाटतं.

त्या संध्याकाळी ध्वनिक्षेपक लावू दिला नाही. मागच्या रांगेतल्या लोकांना पुढे सरकवून घेतलं. गायकाने षड्ज लावला, मी डाव्या हाताने षड्ज-पंचम धरून ठेवले आणि उजव्याने त्याच्या मागून जात राहिलो. पद संपल्यावर भजनी मंडळात कित्येक वर्षं पेटी वाजवणारे एक बुवा जवळ आले.

“काऊन जी, डावा हात नुसता दाबूनच बसता?”

प्रश्न अगदी नेमका होता. मी डाव्या हाताला गंधारही धरून दाखवला. पेटीची बारा सुरांची समान वाटणी गंधाराला चढा ठेवते, तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटनी, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्शाएवढा. यमनाचा तर वादीच गंधार. गायक आपला गंधार लावत असताना मी चढा गंधार दाबून ठेवला, तर दोन्ही सूर एकमेकांवर आदळून थरथरतात. ऑर्गनचा सूर विरत नाही, त्यामुळे ती थरथर लपतही नाही. याच दोषासाठी आणि मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं, ते सुमारे तीस वर्षं. मला ती शिक्षा अन्यायाची वाटते. दोष खराच आहे, पण गंधारावर रेंगाळायचं नाही, तो गायकाला सोडून द्यायचा, एवढं वाजवणाऱ्याला कळलं की संगत सुरेल होते. सुटकेचा हा मार्ग हात ठेवून शिकावा लागतो.

बुवांनी डोळे मिटून दोन्ही ऐकलं. “दुसऱ्यात पोरगं गाते अन् पेटी भांडते,” ते म्हणाले.

मग त्यांनाच बसवलं. पायांची लय त्यांना लगेच जमली, शिलाई मशीन चालवावं तशी. डावा हात मात्र सारखा उठून मागे भाता शोधायला जाई. त्यांनी हरिपाठाची नेहमीची चाल धरली. द्रुत लयीत खर्ज मागे पडू लागला, तशी मी खर्जाची खुंटी बंद करायला हात पुढे केला. त्यांनी थांबवलं.

“राहू द्या जी. उशिरा बोलते, त्याले पयलेच सांगा लागते.”

पुढच्या आवर्तनात त्यांचं डावं बोट समेच्या आधी पडलं. टाळकरी सरसावून बसले, आणि उरलेली संध्याकाळ मी श्रोत्यांत बसून ऐकलं.