बावखलातला निनावी

दोन महिन्यांपूर्वी एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी माझ्या कार्यालयात आली. बाप्तिस्म्याचा दाखला हवा असेल असे समजून मी नोंदवहीकडे हात नेला. ती म्हणाली, “फादर, मला थोडं लॅटिन विचारायचं आहे.” सेमिनरी सोडल्यापासून इतका सुखद प्रश्न मला कोणी विचारल्याचे आठवत नाही.

ती प्राणिशास्त्रात संशोधन करते. विषय आहे गोड्या पाण्यातील माइट. आपल्या बागायतदारांना पिकावरचा ‘लाल कोळी’ चांगला ठाऊक असतो. हा त्याच्याच गोतावळ्यातला, पण पाण्यात राहणारा. (आमच्या वसईत ‘पाण्यातला कोळी’ म्हटले तर भलताच अर्थ निघेल, म्हणून माइट हाच शब्द ठेवतो.) तिने एक काचेची कुपी टेबलावर ठेवली. तळाशी दोन ठिपके होते, मोहरीच्या दाण्याहूनही लहान. ग्लिसरीन, अ‍ॅसेटिक आम्ल आणि पाणी यांच्या मिश्रणात ते ठेवले होते, कारण अल्कोहोलात शरीर ताठरते आणि मग पाय, जबडे सुटे करून तपासणे अवघड जाते. मी भिंग घेतले. आठ पाय, पाठीवर चिलखतासारखे कवच आणि त्या कवचावर असंख्य बारीक छिद्रे! इतक्या लहान देहावर एवढे कोरीव काम असेल अशी माझी कल्पना नव्हती.

हे दोन्ही नमुने चर्चमागच्या बावखलातील होते. अरेन्युरस ही त्यांची प्रजाती. जगभर या एका प्रजातीत नऊशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. अंड्यातून निघणाऱ्या पिलाला सहाच पाय असतात. पाण्यातून बाहेर पडून पंख पसरण्याच्या बेतात असलेला चतुर किंवा टाचणी ते गाठते, तिच्या अंगाला चिकटते, तिचा जीवनरस शोषत हवेतून हिंडते आणि ती पुन्हा पाण्यावर आली की अलगद पाण्यात उतरते. पुढे दोनदा निश्चल पडून राहून, मध्ये एक पोहणारी अवस्था काढून, ते प्रौढ होते. लहानपणी बावखलाच्या काठी टाचणीच्या छातीखाली लाल मण्यांसारखे दाणे मी पाहिले होते. ती तिची अंडी आहेत, असे आम्ही पोरे एकमेकांना ठामपणे सांगत असू.

“ही जात नवीन आहे का?” मी विचारले.

“तसं वाटतं. पण वाटून चालत नाही, फादर.”

नवी जात जगापुढे मांडायची तर काय काय करावे लागते ते तिने सांगितले. स्वित्झर्लंडचे वॉल्टर यांनी १९२८ साली भारतातील माइटविषयी लिहिले. डेव्हिड कुक या अमेरिकन अभ्यासकाचा भारतातील जलमाइटांवरील जाडजूड ग्रंथ १९६७ सालचा. त्यांतील प्रत्येक आकृतीशी आपला नमुना ताडून पाहायचा. पायाच्या एकेका खंडाची लांबी मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजायची. सन २००० पासून लागू असलेल्या प्राणिनामकरण संहितेप्रमाणे एक विशिष्ट नमुना जातीचा आधार म्हणून जाहीर करावा लागतो. पुढे कोणाला शंका आली तर त्याने तो प्रत्यक्ष पाहावा, म्हणून तो संग्रहालयात जपायचा. आमच्या नोंदवहीतही नावापुढे साक्षीदार लागतात, ते मला आठवले.

लॅटिनचा प्रश्न साधा होता. तिची आजी याच बावखलावर रहाट हाकून बागेला पाणी देत असे, आणि तिचे नाव या जीवाला द्यावे अशी नातीची इच्छा होती. मी उत्साहाने षष्ठी विभक्ती समजावली: पुरुषाच्या नावापुढे ‘ई’, स्त्रीच्या नावापुढे ‘ए’, प्रजातीचे नाव पुल्लिंगी असले तरी आजीची षष्ठी स्त्रीलिंगीच राहते. या प्राण्यांवर पहिला स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा ऑटो फ्रीडरिश म्युलर हाही मूळचा ईशज्ञानाचा विद्यार्थी. डेन्मार्कच्या दलदलीतील माइटांचा त्याचा लॅटिन ग्रंथ १७८१ साली अकरा चित्रफलकांसह प्रसिद्ध झाला. ही माहिती तिनेच मला दिली, आणि मला उगाच थोडा अभिमान वाटला.

“मग नाव कधी जाहीर होणार?”

“नर मिळाल्यावर. या दोन्ही माद्या आहेत.”

या प्रजातीत ओळख पटते ती मुख्यतः नरावरून. त्याच्या देहाचा मागचा भाग शेपटासारखा लांबलेला असतो आणि त्याची घडण जातीजातीत वेगळी असते. माद्या मात्र बहुतेक सारख्या दिसतात. कोणी घाईने केवळ माद्यांवरून नाव दिले, तर पुढच्या पिढ्यांना तो घोळ निस्तरावा लागतो.

मग तिने सहज विचारले, “तुम्ही याआधी होता त्या धर्मग्रामातही बावखल होतं ना? तिथे कोणी नमुने घेतले होते का?”

तिथले बावखल २०११ साली भरले गेले. सभागृहासाठी जागा हवी होती, डासांची तक्रार होती आणि काठावर कचरा साचत होता. सभेत एक वृद्ध बागायतदार तेवढे विरोधात बोलले. मी त्यांना, “काका, आता रहाट कोण हाकणार?” असे म्हटले आणि सगळे हसले. ठरावाखाली पहिली सही माझी आहे. त्या पाण्यात काय होते हे पाहावे, असे माझ्या मनातही आले नाही. मी तिला एवढेच सांगितले, “नाही, कोणी घेतले नाहीत.”

इथल्या बावखलाचा उरलेला अर्धा भाग वाहनतळासाठी भरावा, असा अर्ज जूनपासून माझ्या टेबलावर आहे. अर्ज करणारे चांगले लोक आहेत; रविवारी रस्त्यावर गाड्यांची खरोखरच कोंडी होते. सभा पुढच्या महिन्यात आहे. माझा विरोध मी या वेळी लेखी दिला आहे. तो टिकेल की नाही, हे मला ठाऊक नाही.

गेल्या शनिवारी सकाळच्या मिस्सानंतर मी तिच्याबरोबर काठावर गेलो. झगा आवरून मी पायरीवर बसलो. ती गुडघाभर पाण्यात उतरली. बारीक जाळी पाणवनस्पतींतून फिरवून तिने सगळा गाळ पांढऱ्या थाळीत ओतला. गाळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. मग एक हिरवट ठिपका थाळीच्या कडेने लगबगीने पोहू लागला. तिने भिंग डोळ्याशी नेले आणि श्वास रोखून पाहिले.

“मादी,” ती म्हणाली, आणि थाळी तिरकी करून तिने तिला पुन्हा पाण्यात सोडले.