रंगाची साक्ष

वर्गातील फळ्यावर बेंझिनचा षट्कोन काढावयास आम्हांस फारसे श्रम पडत नाहीत. खडू आपोआप फिरतो. तीच आकृती छापील टिपणांत हवी, म्हणून डोनाल्ड नूथ यांनी १९७८ साली सिद्ध केलेल्या ‘टेक्’ या अक्षरजुळणीच्या पद्धतीस आम्ही शरण गेलो. तिच्या आधारे ‘केमफिग’ हे साधन रेणूंच्या आकृत्या काढते. परंतु त्यास आकृती शब्दशः सांगावी लागते. आडवी रेघ म्हणजे एकेरी बंध, बरोबरीचे चिन्ह म्हणजे दुहेरी, एकचा आकडा म्हणजे ४५ अंशांचा कोन! हातास जे ठाऊक, ते बुद्धीस कबूल करावे लागते.

आम्हांस ॲस्पिरिनची आकृती रंगवावयाची होती. सॅलिसिलिक आम्लावर ॲसेटिक ॲनहायड्राइडची क्रिया होऊन ते बनते. मूळ आम्ल काळे, बाहेरून आलेला ॲसेटिल गट तांबडा, असा बेत होता. केमफिगमध्ये एका अणूस दिलेला रंग शेजारच्या अणूस लागत नाही. बंधास तर निराळाच सांगावा लागतो. वलय व गट यांस जोडणाऱ्या ऑक्सिजनपाशी आम्ही अडलो. वर्गात तो आम्ही सदैव तांबड्या खडूनेच काढीत आलो होतो. वस्तुतः तो सॅलिसिलिक आम्लाचाच. त्याचा हायड्रोजन जातो. तो स्वतः जागा सोडीत नाही. चार ऑक्सिजनांपैकी पाहुणा एकच.

हॉफमन यांनी १८६५ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रंगीत चेंडूंनी रेणू दाखविले, तेव्हापासून ऑक्सिजन तांबडा दाखविण्याची चाल आहे. त्या सवयीने खडू घसरला, असे म्हणून आम्हांस सुटता आले असते. परंतु त्याच आकृतीतील कार्बॉक्सिल गटाचे दोन ऑक्सिजन आम्ही पांढरेच ठेवीत होतो! आमचा रंग अणूची जात सांगत नव्हता, त्याचे कूळ सांगत होता. आणि ती साक्ष खोटी होती.

यंत्राने आमची चूक दाखविली असे मात्र नव्हे. तांबडा म्हटले असते, तर त्याने मुकाट्याने तांबडाच छापला असता. त्याने केवळ घाई करू दिली नाही. टिपणांत तो ऑक्सिजन आता काळा आहे. फळा तर रोजच पुसला जातो. परंतु इतक्या वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतून तो तांबडाच राहिला असेल, आणि तेथे आमचा हात पोहोचत नाही.