आधी पडायला शिकवा

हलक्या धानाची मळणी होऊन चारच दिवस झाले होते. अंगणाच्या कडेला तणसीचा ढीग पडलेला. दिवाळीच्या सुट्टीत बिरसीला आलेली माझी भाची त्या ढिगाकडे पाठ करून उभी होती, दोन्ही हात वर. समोर माझ्या भावाचा पोरगा मोबाईल धरून. "तीन म्हटलं का मार उडी!"

मी हातातला झारा टाकून धावले. 'दोन'ला पोहोचले म्हणून बरं.

"मावशी, तणीस नरम आहे ना! कायले भेवते तू?"

तर त्याच गोष्टीवर आज लिहायचं आहे. पोस्ट मोठी आहे. पण घरात, शाळेत उड्या मारणारी पोरं असतील तर वाचा.

भाची नागपूरच्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिथे आंतरमहाविद्यालयीन सामन्यांसाठी चीअर टीम निवडणार होते. व्हॉट्सअॅपवर यादी आली होती: कोलांटउडी, कार्टव्हील, राउंडऑफ. आणि शेवटी एक ओळ, 'बॅक हँडस्प्रिंग येत असल्यास जादा गुण'. बाईसाहेबांनी शिकायला सुरुवात शेवटच्या ओळीपासून केली. गुरू कोण? तीस सेकंदांचं रील.

मी ओरडले त्याला कारण आहे. सातवीत असताना स्नेहसंमेलनासाठी आमच्या शाळेत मनोरा बसवत होते. मी हलकी, म्हणून सगळ्यात वर. खाली फरशी. चढायचं कसं ते सांगितलं होतं, उतरायचं कसं ते कुणीच नाही. खालच्या एकीचा गुडघा सरकला आणि मी डावा हात मागे ताठ टेकवून पडले. मनगट दोन ठिकाणी मोडलं. घरी सांगितलं गेलं, "पोरगी पायरीवरून पडली." आईनेही तेच धरून ठेवलं, कारण त्याच गुरुजींकडे धाकट्या भावाला शिकायचं होतं. आजही ते मनगट पुरतं मागे वाकत नाही. पुढे अमरावतीला बीपीएड केलं तेव्हा कळलं, की माझ्या पडण्यात नशिबाचा काही भाग नव्हता. पडताना हात मागे ताठ टेकवू नये, हे शिकवायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मला कुणी दिली नव्हती.

आमच्या गावाला हे सांगायची खरं तर गरज पडू नये. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधली. आता तिथे वैमानिक घडवणारी संस्था आहे. शिकाऊ विमानं आमच्या डोक्यावरून चकरा मारतात, उतरतात, पुन्हा उडतात. गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे, की नवीन पोराच्या हाती कुणी पहिल्याच दिवशी विमान देत नाही. आधी वर्ग, मग शेजारी शिकवणारा बसवून उड्डाणं. विमान हवेत कोसळू लागलं तर कसं सावरायचं, इंजिन बंद पडलं तर कुठे, कसं उतरायचं, हे आधी. एकट्याने उडायचं ते त्यानंतर, तेही शिकवणाऱ्याची खात्री पटली तर.

भाचीला मी हेच म्हटलं, "वर बघ. ते तुझ्याइतकेच आहेत वयाने. त्यांना आधी काय शिकवतात?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "बरं, तू शिकव."

तिच्याकडे चौदा दिवस होते. काय केलं ते सांगते, कारण बऱ्याच घरांत याच्या उलट चालतं.

पहिली गोष्ट, तणीस बाद. ढीग नरम असतो, पण सारखा नसतो. एक हात कोपरापर्यंत आत जातो, दुसरा वरच राहतो, आणि सगळं वजन मानेवर येतं. आत विळा राहिलाय की साप बसलाय तेही दिसत नाही. फरशीवर सतरंजी टाकली तर ती सरकते. पलंगावरची गादीही तशीच फसवी. आम्ही घरामागच्या पडीत जागेतलं सपाट गवत निवडलं, खडे वेचले, दव वाळल्यावरच सुरुवात. बांगड्या, कानातले, ओढणी घरात. केस घट्ट बांधलेले. आधी मनगटं, खांदे, मान, घोटे मोकळे करायचे.

पहिले तीन दिवस फक्त पडणं. उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि मागे लोळायचं. हात छातीशी, मागे नाही. मग एका पायरीवरून उडी: दोन्ही पाय एकदम, गुडघे वाकलेले, पण एकमेकांकडे झुकलेले नाहीत. भाची वैतागली. "मावशी, हे तर बालवाडीतलं!" असू दे.

चौथ्या दिवशी कोलांटउडी. आपल्याकडे सगळ्यांना वाटतं ती येतेच. बहुतेकांना डोक्यावरून जायची सवय असते. डोकं टेकवायचंच नाही. हात खांद्याइतक्या अंतरावर, कंबर वर, हनुवटी आत, आणि जमिनीला पहिल्यांदा लागते ती खांद्यांमागची पाठ. उठताना हात टेकायचे नाहीत.

मग भिंतीच्या आधाराने हातावर उभं राहणं. कोपरं सरळ, बोटं पसरलेली. पण त्याआधी उतरायची वाट: तोल गेला तर एक हात उचलून कुशीवर वळायचं आणि पायांवर यायचं. हे वीसदा केल्यावर तिची भीती गेली.

त्यानंतर चुन्याची रेघ आखून कार्टव्हील. हात, हात, पाय, पाय, सगळं रेघेवर. आधी पाय कमरेइतकेच वर, मग पूर्ण. ते दोन्ही बाजूंनी स्वच्छ यायला लागल्यावर शेवटचे चार दिवस राउंडऑफ. त्यात पाय हवेत जुळवायचे आणि आलो त्याच दिशेला तोंड करून दोन्ही पायांवर एकदम उतरायचं. रोज पाऊण तास, बस. थकलेल्या अंगाने केलेली 'आणखी एकच' उडी सगळ्यात वाईट.

आणि बॅक हँडस्प्रिंग? नाही शिकवली. त्या उडीत डोळ्यांना न दिसणाऱ्या दिशेला अंग झोकून द्यायचं असतं. खाली चांगली मॅट लागते आणि कमरेखाली हात देणारा, त्यात तयार असलेला माणूस लागतो. मॅट नव्हती. आणि माझा डावा हात तिचं वजन पेलणार नाही, हे मला ठाऊक होतं. तिलाही तेच सांगितलं. सातवीतलं ते पडणं असं तिच्या वाट्यालाही आलं.

आता थोडं गावाबाहेरचं. चीअरलीडिंग म्हणजे आयपीएलमधला नाच, अशी आपली समजूत २००८ पासून पक्की झाली. मुळात हा प्रकार अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या मैदानावर १८९८ साली घोषणा देण्यातून सुरू झाला. नंतर त्यात मनोरे आणि उड्या आल्या. २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली. पण उड्यांबरोबर मोडलेली हाडं आणि मानेच्या दुखापतीही आल्या. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली स्पष्ट म्हटलं, की याला खेळ माना, शिकलेला प्रशिक्षक द्या, आणि कठीण, ओल्या, उंचसखल जागेवर मनोरे-कसरती करू नका.

आपण काय करतो? आपल्याकडे मल्लखांबाची परंपरा आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आलं. २०२२ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, गोविंदांच्या विम्यावर दरवर्षी बोललं जातं. चांगलंच आहे. पण २६ जानेवारीला किती शाळांच्या पटांगणात पोरं मनोरा करतात, आणि त्याच्या खाली काय असतं? मुरूम, नाहीतर सिमेंट. सगळ्यात वरची पोरगी तिरंगा धरते, आपण टाळ्या वाजवतो, फोटो काढतो. ती उतरते कशी, हे कुणी बघत नाही.

मनोरे, उड्या बंद करा असं मी म्हणत नाही. बंद केलं तर पोरी तणसीवर जातील, मोबाईल बघून. माझं मागणं अगदी साधं आहे. सरकारी आणि अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात पालकच जास्त असतात. येत्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. उड्या आणि मनोरे शिकवणाऱ्याने स्वतः ते शिकलंय का? खाली मॅट आहे का, नसेल तर निदान गवतावर घेता का? आणि कुणी मानेवर पडलं तर काय करायचं, हे ठरलंय का? (त्या पोराला उचलून बसवायचं नाही, डोकं-मान हलू न देता धरून ठेवायची आणि १०८ला फोन लावायचा. आपल्याकडे पहिले पाणी पाजतात आणि मान चोळतात.)

आणि पोरगी पडली तर पडली म्हणा. 'पायरीवरून' म्हणू नका. जे झालंच नाही असं ठरतं, ते पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या पोरीला होतं.

भाचीचं काय झालं विचाराल. तिने कार्टव्हील आणि राउंडऑफ छान केली म्हणे. बॅक हँडस्प्रिंगला 'येत नाही' असं सांगितलं. जादा गुण गेले, नाव राखीव यादीत आलं. दोन दिवस माझा फोन उचलला नाही. तिचा राग मला समजतो, तिच्या जागी मीही रुसले असते.

तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "मावशी, नागपुरात मॅटवर शिकवणारं कुणी आहे का, विचारून ठेव ना."

विचारतेय. तुम्हाला कुणी नीट शिकवणारं माहीत असेल तर सांगा. आणि तुमच्या शाळेतल्या मनोऱ्याखाली काय असतं, तेही लिहा.