गाव कधी सोडायचं : तिसरीच्या आधी की पाचवीनंतर?

गाव सोडा, हे आपल्या समाजाला वेगळं सांगावं लागत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेब खेड्याबद्दल जे बोलले, ते आपल्या बापजाद्यांनी अंगावर सोसलेलं होतं. म्हणून मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की वस्तीत कुणी अडवत नाही. उलट विचारतात, "अजून इथंच कसे?" आमची मुलगी यंदा दुसरीत आहे आणि हा प्रश्न आम्हा दोघांना रोज कुणी ना कुणी विचारतं. आम्हीही खोली बघायला सुरुवात केली होती. मग जवाहर नवोदय विद्यालयाचं माहितीपत्रक नीट वाचलं आणि खोली बघणं थांबवलं.

नवोदय म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको. १९८५-८६ मध्ये देशात पहिली दोन विद्यालयं निघाली, त्यातलं एक आपल्या अमरावतीला. सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं सरकारची. खाजगी शाळेची फी भरण्याची ऐपत नसलेल्या घराला एवढ्या दर्जाचं दुसरं दार सहसा सापडत नाही. पण जिल्ह्यात सहावीला जागा फक्त ८०. त्यातल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण मुलांच्या. ग्रामीण कोण? ज्यानं तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत काढली तो. या तीन वर्षांत मूल एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकलं, तरी ते शहरी. मग उरलेल्या २० जागा, आणि त्यांवरही गुणांनी वर आलेली ग्रामीण मुलं असतातच. परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

हिशेब सरळ आहे. जूनच्या आधी आम्ही तालुक्याला गेलो, तर मुलगी शहरी होणार. हे "शहर" कसलं, तेही बघा. आमच्या तालुक्याच्या ठिकाणी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, तेवढाच फरक. गटारी त्याच, नळाला पाणी चार दिवसांआड तसंच, आणि आपली वस्ती तेव्हाही ओढ्याकाठी होती, आजही ओढ्याकाठीच आहे. पण अधिसूचनेत नाव आलं की तिथल्या वीटभट्टीवरच्या मजुराचं पोर शहरी ठरतं, आणि दहा किलोमीटरवरच्या बागायतदाराचं पोर, शिकवणीला रोज मोटारसायकलवर नेलं-आणलं तरी, ग्रामीण राहतं. ग्रामीण आरक्षणाला आमचा विरोध नाही. खेड्यातल्या मुलाला संधी हवीच. पण गावात टिकून राहायला जमीन लागते. भूमिहीन माणूस पोटासाठी हलतो, आणि हलला की त्याच्या पोराचा हक्क तिथंच गळतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काय होत असेल? त्यांच्या पोरांची तिसरी-चौथी-पाचवी कुठल्या फडावर जाते, हे माहितीपत्रक विचारत नाही.

आमचे एक नातेवाईक म्हणाले, मग लातूरला या, तिथं आपली लोकसंख्या जास्त, जागाही जास्त. हेही तपासलं. अनुसूचित जातींच्या जागा जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात असतात, पण १५ टक्क्यांच्या खाली जात नाहीत. ८० मध्ये १२ जागा तर कुठेही आहेत. २०११ च्या जनगणनेत लातुरात हे प्रमाण १९ टक्क्यांच्या वर होतं, म्हणजे फार तर तीन-चार जागा वाढतील. त्यासाठी दोघांनी काम सोडायचं, भाडं भरायचं, शिवाय त्या जिल्ह्याचे रहिवासी असल्याचे पुरावे उभे करायचे? जातीचा दाखला तर मूळ जिल्ह्यातूनच काढावा लागतो, १० ऑगस्ट १९५० च्या आधीचं वास्तव्य दाखवून. सीमेपलीकडे हैदराबादला कामाला गेलेल्या आपल्या लोकांना तर तिथल्या राज्य सरकारच्या सवलतीच मिळत नाहीत. आपला माणूस कुठेही गेला तरी त्याची जात सोबत येते, सवलत मात्र मागे राहते.

मग उरलं गावात थांबणं. इथं आम्हा दोघांत मतभेद आहेत, आणि ते लपवत नाही. थांबणं म्हणजे मुलीला तीन वर्षं गावच्या शाळेत ठेवणं. गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या दिवसांत बाकीची मुलं नाच बसवत होती आणि आपल्या वस्तीतल्या दोन मुलींच्या हातात झाडू दिला होता. आम्ही पाचजण शाळेत गेलो, बोललो, ते थांबलं. पण आमच्यापैकी एकाचं म्हणणं असं, की ६० जागांच्या यादीत राहायचं म्हणून सात वर्षांच्या पोरीनं हे का सोसायचं? दुसऱ्याचं म्हणणं असं, की आपण गेलो तर पुढच्या वेळी त्या दोन मुलींसाठी शाळेत कोण जाणार? दोन्ही बरोबर आहेत, म्हणूनच निर्णय जड जातो.

रामजी सुभेदारांची आठवण या घालमेलीत वारंवार येते. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत नाव, पुढे मुंबई, परळच्या डबक चाळीत एका खोलीचा संसार, आणि १९०७ ला एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मुलगा मॅट्रिक. त्या बापाला अपमान चुकवता आला नाही, साताऱ्यातही नाही आणि मुंबईतही नाही. पण शहराच्या शाळेत जाताना मागच्या तीन वर्षांचा खेड्यातला मुक्काम कुणी मोजला नव्हता.

चळवळीतले काही मित्र वेगळ्याच बाजूनं टोकतात. म्हणतात, तुम्ही जिल्हा परिषदेच्या शाळा वाचवा म्हणून मोर्चे काढता आणि स्वतःच्या पोरीसाठी निवडक ८० च्या शाळेचं दार ठोठावता. हा टोमणा आम्हाला मान्य नाही. नवोदयही सरकारी शाळाच आहे, आणि तिच्यात आपल्या १२ जागा आहेत. त्या भरल्या जातीलच, प्रश्न एवढाच की त्यांवर भूमिहीनाचं लेकरू बसणार की केवळ नोकरदारांची मुलं. आणि मुलगी गावच्या शाळेत राहिली तर तिथला पट एकानं टिकतो. पट वीसच्या खाली गेला की शाळा दुसऱ्या शाळेत मिसळण्याची भाषा सुरू होते, हे आपण पाहिलंय.

तर ठरलं ते असं. पाचवी होईपर्यंत बिऱ्हाड गावातच. आम्ही दोघं तालुक्याला एसटीनं ये-जा करू. निवड झाली तर मुलगी वसतिगृहात जाईल, नाही झाली तर सहावीला आम्ही सगळेच हलू. तोवर विहारात संध्याकाळी सहा ते साडेसात वस्तीतल्या तिसरी ते पाचवीच्या अकरा मुलांचा अभ्यास. परीक्षेत ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे, आणि शाळेत ते कुणी शिकवत नाही. गणित आमच्यापैकी एक घेईल, भाषा दुसरं. जातीचे दाखले आत्ताच काढायला टाकलेत, निकाल लागल्यावर धावपळ नको.

एका निवेदनाचा मसुदाही तयार आहे : हंगामी स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलांना त्या "एका दिवसाच्या" अटीतून वगळा. ज्या तालुक्यांत ऊसतोड आणि वीटभट्टीची घरं जास्त आहेत, तिथल्या कार्यकर्त्यांनी अशा मुलांचे शाळेचे दाखले जमवून पाठवावेत, नुसत्या सह्या नकोत. आणि विहाराला एक फळा हवा आहे. कुणाकडे जुना पडून असेल तर कळवा, आम्ही येऊन घेऊन जाऊ.

जय भीम.