परश्याची बाजू घेणारे आम्ही

परवा संध्याकाळी धाराशिवच्या बसस्टँडसमोर चहाला थांबलो होतो. आमचा जुना कट्टा, आता चौघंच उरलोत. सिनेमाचा विषय निघाला आणि पाच मिनिटांत राजकारणावर गेला. तो जातोच. एक जण म्हणला, "ते समीक्षक पुण्या-मुंबईत बसून स्टार वाटत्यात, त्यांना काय कळतंय आपलं?" दुसरा म्हणला, "मला तर दिग्दर्शकाचं आडनाव बघितलं की सिनेमा कळतो. तिकीट कशाला काढू?" सगळे हसले. मी पण हसलो. घरी येताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, सवडीनं वाचा.

२०२५ ची सुरुवात आठवा. १४ फेब्रुवारीला 'छावा' आला. त्याच्या आधीच ट्रेलरमधल्या लेझीमच्या दृश्यावरून वाद झाला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढून टाकलं. मार्चमध्ये नागपुरात दंगल झाली, तेव्हा या सिनेमामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग पुन्हा वर आला, असं खुद्द मुख्यमंत्री विधानसभेत बोलले. मग 'फुले'. अनंत महादेवन यांचा हा सिनेमा ११ एप्रिलला म्हणजे फुले जयंतीलाच यायचा होता. ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डानं काही जातिवाचक उल्लेख बदलायला सांगितले, आणि तो आला २५ एप्रिलला.

आमच्या कट्ट्यावर तेव्हा काय झालं? 'छावा' बघून डोळे पुसत बाहेर आलेला मित्र 'फुले'बद्दल म्हणला, "जुनी मढी कशाला उकरायची? हा सगळा प्रचार हाय." 'फुले'च्या बाजूनं भांडणारा मित्र 'छावा'ला प्रचार म्हणत होता. गंमत अशी की दोघांनीही समोरच्याचा सिनेमा बघितला नव्हता. आपल्याला पटला तर तो इतिहास, नाही पटला तर ते राजकारण.

आता कुणी म्हणेल, हे हल्लीचं आहे, आधी सिनेमात राजकारण नव्हतं. असं काही नाही. जब्बार पटेलांचा 'सामना' येऊन पन्नास वर्षं झाली. लिहिला विजय तेंडुलकरांनी. साखर कारखान्याच्या जोरावर गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव म्हणजे निळू फुले, आणि त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. उसाच्या बिलासाठी कारखान्याच्या दारात खेटे घातलेल्या आपल्याकडच्या माणसाला हा सिनेमा कुण्या समीक्षकानं समजावून सांगायची गरज नाही. आमचे वडील सांगायचे, गावात जो तो म्हणायचा की हा हिंदुराव म्हणजे पलीकडच्या गावचा पुढारी. आपल्या गावचा कुणी म्हणत नसे.

मी तरी काय वेगळं केलं? 'सैराट'च्या वेळचं सांगतो.

२९ एप्रिल २०१६ ला तो आला. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. माझं गाव परंडा तालुक्यात. आमच्या तालुक्याची शीव ओलांडली की करमाळा. पडद्यावरची विहीर, ऊस, केळी, बोलणं, सगळं आमचंच वाटत होतं. आम्ही सात जण बार्शीला जाऊन बघितला. गाण्याला पोरं खुर्च्यांवर उभी राहून नाचली. शेवटी मात्र थेटरात कुणी खोकलं पण नाही. जीपमध्ये परत येताना सगळे परश्याच्या बाजूचे होते. आमची घरं मात्र आर्चीच्या बापाच्या आळीतली.

त्याच रात्री मी फेसबुकवर मोठी पोस्ट टाकली. शेवट किती धाडसी आहे, बर्लिनच्या महोत्सवात कसा दाखवला, समीक्षकांनी काय ओळखलं नाही. दोनशेवर लाइक आले.

दोन दिवसांनी आमच्या वाड्यात आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, चुलत बहिणीचा मोबाईल काढून घेतला. तिची बारावी झाली होती, बार्शीला कॉलेजला घालायचं ठरलं होतं. तेही रद्द. आप्पा म्हणाले, "पिच्चर बघितला न्हवं सगळ्यांनी? पोरी बाहेर गेल्या की काय होतं ते कळलं न्हवं?" तिनं तर सिनेमा बघितलाही नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं. मी चहा पीत होतो, चहाच पीत राहिलो.

पुढं जुलैत कोपर्डीची भयंकर घटना झाली, जिल्ह्याजिल्ह्यात मूक मोर्चे निघाले, आपल्या शहरातही निघाला. त्या दिवसांत 'सैराट'वरही राग निघत होता. मी कट्ट्यावर दिग्दर्शकाची बाजू घेऊन तावातावानं भांडायचो. २०१८ मध्ये हिंदीत 'धडक' आला. गोष्ट उदयपूरला गेली आणि जात जवळजवळ गायब झाली, अशी टीका झाली. मी पण लिहिलं, "जात कुठं गेली?" त्याच उन्हाळ्यात बहिणीचं लग्न झालं होतं. आप्पांनी ठरवलेल्या घरी, जातीतच. पंगतीत वाढायला सगळ्यात पुढं मी होतो.

समीक्षक चुकतात, दिग्दर्शकही चुकतात, त्यांना बोललंच पाहिजे. पण सिनेमा बघून आल्यावर राग कुणाचा आला, एवढं एकदा स्वतःला विचारून बघा. दुसऱ्याच्या जातीचा, दुसऱ्याच्या धर्माचा, पलीकडच्या गावच्या पुढाऱ्याचा राग यायला काही लागत नाही. आपल्या आळीचा राग आला तर मात्र घरी जाऊन कुणाशी तरी बोलावं लागतं. आडनाव बघून सिनेमा टाळला की तेवढं वाचतं.

गेल्या दिवाळीत बहीण म्हणाली, "दादा, सैराट बघितला मी मोबाईलवर." मला वाटलं शेवटाबद्दल बोलेल. ती म्हणाली, "आर्चीला बुलेट येत होती रे. ट्रॅक्टर पण." एवढंच.

यंदा तिला मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायचाय. सासरी सगळ्यांना पटलेलं नाही. मी म्हणालो, फी मी भरतो. ती म्हणाली, "पैसे हायत माझ्याकडं. तू फक्त एकदा येऊन ह्यांच्याशी बोल."

हे सगळं तिला विचारूनच लिहिलंय. रविवारी जाणार आहे.